एक विद्यार्थिनी, सात नोंदी: विद्यापीठाचे एंटरप्राइझ आर्किटेक्चर सोप्या भाषेत

पदवीचा शेवटचा निकाल लागला की महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या खिडकीशी एक ठरावीक तक्रार येतेच. समजा, एक विद्यार्थिनी तीन कागद घेऊन उभी आहे आणि तिन्हींवर तिचे नाव थोडेथोडे वेगळे आहे. एकावर आडनाव आधी आहे, दुसऱ्यावर शेवटी. ‘लक्ष्मी’ हे नाव इंग्रजीत लिहिताना एका ठिकाणी ‘एक्स’ आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘के’, ‘एस’, ‘एच’ अशी तीन अक्षरे. आईचे नाव एका कागदावर आहे, बाकी दोहोंवर नाही. तिने दुसऱ्या वर्षातच दुरुस्तीचा अर्ज दिला होता, शुल्क भरले होते, पावतीही जपून ठेवली आहे. तरीही शेवटच्या गुणपत्रकावर जुनेच नाव छापून आले. महाविद्यालयातले लिपिक म्हणतात, “आमच्याकडं दुरुस्त झालंय बघ, वरनंच तसं आलंय.” वर चौकशी केली की उत्तर मिळते, “कॉलेजनं जे पाठवलं तेच आम्ही छापलं.” दोघेही खरे बोलत असतात.

ही गोष्ट कुणा एका विद्यापीठाची नाही. जिथे शेकडो महाविद्यालये एका विद्यापीठाला संलग्न आहेत, तिथे ती कमीअधिक प्रमाणात घडतेच, कारण त्या विद्यार्थिनीचे नाव एका ठिकाणी राहत नाही. ते प्रवेश अर्जात असते, पात्रता विभागाच्या नोंदीत असते, परीक्षा अर्जात असते, निकालाच्या लेजरमध्ये असते, शिष्यवृत्तीच्या अर्जात असते, ग्रंथालयाच्या सभासद यादीत असते आणि शेवटी दीक्षांत समारंभाच्या पदवी प्रमाणपत्रात असते. सात ठिकाणच्या सात नोंदींपैकी मूळ नोंद कोणती आणि तिच्या नकला कोणत्या, हे कुणी ठरवलेलेच नसते. म्हणून दुरुस्ती ज्या खिडकीवर होते त्याच खिडकीपुरती राहते. संगणक नवे घेऊन, सॉफ्टवेअर बदलून किंवा लिपिकांना प्रशिक्षण देऊन हा प्रश्न सुटत नाही. तो ठरवण्याचा प्रश्न आहे. संस्थेच्या पातळीवर असे ठरवण्याचे जे शास्त्र गेल्या चार दशकांत उभे राहिले, त्याला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात.

त्याची सोपी व्याख्या अशी करता येईल. संस्था कोणती कामे करते, त्या कामांना कोणती माहिती लागते, ती माहिती कोणत्या संगणक प्रणालींमध्ये राहते आणि त्या प्रणाली कोणत्या यंत्रांवर व नेटवर्कच्या जाळ्यांवर चालतात, या चार गोष्टींचा परस्परसंबंध लिहून काढायचा, आणि पुढचा प्रत्येक बदल त्या लेखी संबंधाला धरूनच करायचा. यातला दुसरा भाग बहुतेकजण विसरतात. नुसता नकाशा काढून कपाटात ठेवला तर ते आर्किटेक्चर होत नाही.

आर्किटेक्चर आणि आर्किटेक्चरची चौकट यांत मात्र फरक आहे, आणि तो कोल्हापुरात समजावून सांगायला उद्यमनगराइतके चांगले ठिकाण नाही. तिथल्या वर्कशॉपमध्ये एखाद्या सुट्या भागाचे ड्रॉइंग येते, ते आर्किटेक्चर. पण ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत काय लिहायचे, मापातली सूट कशी दाखवायची, बदल केला तर रिव्हिजन नंबर कसा द्यायचा, जुने ड्रॉइंग रद्द झाल्याचे कुणी कळवायचे, हे नियम वेगळे असतात. हे नियम ठरलेले असतात म्हणूनच फाउंड्री एकाची, मशीनिंग दुसऱ्याचे आणि जोडणी तिसऱ्याची असूनही भाग एकमेकांत बसतात. विद्यापीठासाठी चौकट विकसित करणे म्हणजे हे नियम ठरवणे: आराखडा कोणत्या भागांत मांडायचा, किती तपशिलात मांडायचा, तो कुणी मंजूर करायचा आणि बदलायचा झाल्यास कसा बदलायचा.

या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९८७ साली जॉन झॅकमन यांनी आयबीएमच्या सिस्टिम्स जर्नलमध्ये एक लेख लिहून माहिती प्रणालींच्या मांडणीसाठी एक चौकट सुचवली. तिचे विस्तारित रूप काय, कसे, कुठे, कोण, केव्हा आणि का, या सहा साध्या प्रश्नांवर उभे आहे. १९९५ साली ओपन ग्रुप या संघटनेने, अमेरिकी संरक्षण खात्याने केलेल्या कामाचा आधार घेऊन, टोगॅफ ही चौकट प्रसिद्ध केली. आज जगात सर्वांत जास्त नाव तिचेच घेतले जाते. १९९६ साली अमेरिकेत क्लिंजर-कोहेन कायदा झाला आणि केंद्र सरकारच्या खात्यांमध्ये असा आराखडा ठेवणे ही तिथल्या माहिती अधिकाऱ्यांची कायदेशीर जबाबदारी ठरली. भारतात केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘इंडईए’ ही चौकट सरकारी खात्यांसाठी आणली. विद्यापीठांपुरते बोलायचे तर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या विद्यापीठांच्या ‘कॉडिट’ या संघटनेने उच्च शिक्षणाचा एक संदर्भ आराखडा तयार केला असून त्यात विद्यापीठ जी जी कामे करते त्यांची आणि त्यासाठी लागणाऱ्या माहितीची तयार मांडणी मिळते.

तयार मांडणी मिळते म्हणून ती जशीच्या तशी उचलावी, असे मात्र मला वाटत नाही. आपल्यासारखी संलग्नतेची पद्धत त्या देशांत नाही. तिथे विद्यार्थी, शिक्षक, वर्ग आणि परीक्षा हे सगळे बहुतांशी एकाच संस्थेच्या छताखाली असते. आपल्याकडे प्रवेश महाविद्यालय देते, अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, शिक्षकाचा पगार बहुधा शासनाकडून येतो, परीक्षा महाविद्यालयाच्या इमारतीत होते, उत्तरपत्रिका तिसऱ्याच ठिकाणी तपासली जाते आणि पदवी विद्यापीठ देते. परदेशी आराखड्यात या नात्यांना चौकटच नसते. टोगॅफचेही तसेच. त्यातली पद्धत चांगली आहे, पण ती सगळीच्या सगळी पाळायची म्हटली तर संगणक केंद्रातल्या मोजक्या माणसांचा दिवस दस्तऐवज लिहिण्यातच संपेल आणि निकाल लावायला कुणी उरणार नाही.

राजारामपुरी की शिवाजी पेठ?

कोल्हापूरकराला पत्ता सांगताना राजारामपुरीचा सांगणे सोपे जाते, कारण तिथे गल्ल्यांना क्रमांक आहेत: पाचवी गल्ली, आठवी गल्ली, बारावी गल्ली. वस्ती होण्याआधी कागदावर रेघा ओढल्या गेल्या. शिवाजी पेठेचे तसे नाही. ती माणसांच्या गरजेप्रमाणे वाढत गेली. बोळ कुठे वळतो, तालीम कुठे आहे, कुणाच्या दारावरून जावे लागते, हे तिथल्या माणसालाच ठाऊक. विद्यापीठाचा आराखडा करायला बसलेल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राजारामपुरी असते. हातात मात्र शिवाजी पेठ आलेली असते. लोक घरात राहत असताना जलवाहिनी बदलायची, रस्ता एका बाजूने चालू ठेवून दुसऱ्या बाजूने खणायचा, असे हे काम आहे.

शिवाजी विद्यापीठाचेच उदाहरण घ्या. त्याची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. त्या वेळी कार्यक्षेत्रात सोलापूर जिल्हाही होता. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आज कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे राहिले. आता सोलापूरच्या एखाद्या जुन्या महाविद्यालयातून १९९० च्या दशकात पदवी घेतलेला माणूस नोकरीतल्या पडताळणीसाठी आला, तर त्याची पदवी शिवाजी विद्यापीठाची आणि त्याचे महाविद्यालय आज दुसऱ्या विद्यापीठाचे. संगणकातल्या महाविद्यालयांच्या यादीत फक्त आजची महाविद्यालये ठेवली असतील तर या माणसाचे महाविद्यालय त्या यादीत सापडणारच नाही. म्हणून आराखड्यात एक बारीकसा नियम लिहावा लागतो: महाविद्यालय आणि विद्यापीठ यांच्या नात्याला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ अशा दोन तारखा असल्याच पाहिजेत, आणि जुने नाते पुसायचे नाही, फक्त बंद करायचे. वाचताना हे अगदी किरकोळ वाटते. पण साठ वर्षांच्या संस्थेत अशा तारखा नसल्या की पडताळणीचा प्रत्येक अर्ज पुन्हा कपाटातल्या लेजरपर्यंत जातो.

आधी कामे, मग विभाग

चार भागांपैकी पहिला भाग कामांचा. इथे पहिला मोह होतो तो विभागांची यादी करण्याचा: परीक्षा विभाग, पात्रता विभाग, संलग्नता विभाग, वित्त व लेखा, आस्थापना. ही यादी आयतीच मिळते, पण ती आराखड्याचा पाया म्हणून कामाची नाही. विभाग बदलतात, फुटतात, एकत्र होतात. काम तेच राहते. ‘परीक्षा विभाग’ हे ऑफिसचे नाव झाले, ‘मूल्यमापन करणे’ ही विद्यापीठाची क्षमता झाली. एखाद्या महाविद्यालयाला स्वायत्तता मिळाली की मूल्यमापन त्या महाविद्यालयाकडे जाते, पदवी देणे मात्र विद्यापीठाकडेच राहते. विभागांच्या यादीवर आराखडा बांधला असेल तर स्वायत्त महाविद्यालय त्यात कुठेच बसत नाही. क्षमतांच्या यादीवर बांधला असेल तर ‘हे काम आता दोन ठिकाणी होते’ एवढीच नोंद करावी लागते. अशा क्षमतांची यादी तीस-चाळीसच्या पुढे जाऊ देऊ नये. अभ्यासक्रम मंजूर करणे, महाविद्यालयाला संलग्नता देणे, विद्यार्थ्याची नोंदणी करणे, मूल्यमापन करणे, पदवी देणे, संशोधकाला मार्गदर्शक नेमणे, शुल्क घेणे, अशी ती साध्या क्रियापदांत लिहावी. एका पानावर मावली तर कुलगुरूही वाचतील.

१९६८ साली मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने एक निरीक्षण मांडले होते: एखादी संस्था जी प्रणाली तयार करते, तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या संपर्काच्या रचनेसारखीच होते. आपल्या विद्यार्थिनीच्या सात नोंदी हे त्याचेच उदाहरण आहे. पात्रता आणि परीक्षा हे विभाग एकमेकांशी टिपणी लिहून बोलत असतील, तर त्यांच्या प्रणालीही एकमेकींशी महिन्यातून एकदा, एक्सेलच्या फाइलीतूनच बोलतात.

मूळ नोंद आणि तिचा मालक

माझ्या मते खरे काम माहितीच्या भागात आहे. बाकीचे तीन भाग त्याच्या पाठोपाठ येतात. मी काही वर्षे एका महाविद्यालयाच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहिले. तिथल्या एका ज्येष्ठ बाईंच्या टेबलाच्या खणात लाल पुठ्ठ्याची एक वही असे. तिच्यात हाताने आखलेले रकाने होते: पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), जुने नाव, नवे नाव, तारीख, आणि शेवटचा रकाना ‘कळवले’. त्या शेवटच्या रकान्यात छोट्या अक्षरांत विभागांची आद्याक्षरे लिहिलेली असत आणि त्या त्या विभागाला पत्र गेले की अक्षरावर टिक होत असे. ज्या ओळीत सगळ्या अक्षरांवर टिक नाही, ती ओळ बाई दर सोमवारी पुन्हा पाहत. कार्यालयात दोन सॉफ्टवेअर होती, दोन्ही बरीच महाग होती, आणि विद्यार्थ्याचे खरे नाव कोणते हे विचारायचे झाले तर सगळेजण त्या वहीकडे जात. आराखडा करणाऱ्याने अशी वही दिसली की तिला नावे ठेवू नयेत. ‘कळवले’ हा रकाना म्हणजे दोन प्रणालींमधला तुटलेला दुवा आहे, आणि तो नेमका कुठे तुटला आहे हे त्या वहीने आधीच शोधून ठेवलेले असते.

या भागात प्रत्येक महत्त्वाच्या माहितीसाठी तीन गोष्टी लिहाव्या लागतात: ती मूळ कुठे राहते, तिचा मालक कोण, आणि तिच्या नकला कुठे कुठे जातात. मालक म्हणजे ज्याच्या मंजुरीशिवाय ती बदलत नाही असा अधिकारी; संगणक केंद्र नव्हे. समजा, विद्यार्थ्याच्या नावाची मालकी पात्रता विभागाकडे, गुणांची परीक्षा विभागाकडे, विषयाच्या संकेतांकाची अभ्यास मंडळाच्या कामकाजाकडे, शिक्षकाच्या मान्यतेची संबंधित विभागाकडे, असे ठरले. यानंतरचा नियम एकच आणि तो कडक: नकलेत दुरुस्ती करायची नाही. गुणपत्रक छापताना चूक दिसली तरी गुणपत्रकाच्या प्रणालीत नाव बदलायचे नाही. मूळ नोंदीत बदलायचे आणि नकला आपोआप ताज्या होऊ द्यायच्या. हा नियम ऐकायला सोपा असला तरी निकालाच्या आदल्या रात्री पाळणे फार अवघड जाते, म्हणून तो लेखी आणि वरिष्ठांच्या सहीने असावा लागतो.

याचा उपयोग कुठे होतो ते पाहा. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लागू केला. ज्या विद्यापीठात नाव एकाच मूळ नोंदीत, तुकड्यातुकड्यांनी साठवलेले आहे, तिथे असा बदल म्हणजे छपाईच्या नमुन्यातला बदल. जिथे ‘संपूर्ण नाव’ असा एकच लांब रकाना सात प्रणालींमध्ये आहे, तिथे त्या लांब रकान्यातले कोणते शब्द आईचे, कोणते वडिलांचे, हे माणसाने बसून ठरवावे लागते. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींचे आणखी वेगळेच. नावाचे तुकडे कसे साठवायचे हा तांत्रिक वाटणारा निर्णय प्रत्यक्षात प्रशासकीय निर्णय असतो, तो असा.

ओळख क्रमांकाबद्दलही थोडे सांगायला हवे. विद्यार्थ्याला दिलेल्या क्रमांकातून प्रवेशाचे वर्ष, महाविद्यालय, शाखा हे सगळे वाचता यावे, अशी आपल्याकडे आवड आहे. पण विद्यार्थी महाविद्यालय बदलतो, शाखा बदलतो, आणि मग क्रमांक खोटा बोलू लागतो. क्रमांकाने फक्त ओळख सांगावी. बाकीचे नोंदीतून वाचावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर हा मुद्दा जास्तच तापला आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, अशा वेगवेगळ्या टप्प्यांवर विद्यार्थी बाहेर पडू शकतो आणि परतही येऊ शकतो. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक पेढीचे (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे) विनियम आणले. त्यानुसार एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा राहतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात, कमाल सात वर्षांपर्यंत. या खात्याची जोड आता ‘अपार’ या विद्यार्थ्याच्या बारा अंकी ओळख क्रमांकाशी आहे. म्हणजे ज्या नोंदी आजवर विद्यापीठाच्या आवारात होत्या, त्यांतील काहींची मूळ जागाच बाहेर गेली. आराखड्यात ‘मूळ नोंद बाहेरच्या संस्थेकडे’ असा प्रकार मान्य करावा लागतो. तो आधीच्या प्रणालींमध्ये नव्हता, म्हणूनच श्रेयांक जुळत नसल्याच्या तक्रारी वाढतात.

आणि एक. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून कोणती माहिती कशासाठी गोळा केली हे सांगता येणे गरजेचे झाले आहे. नकला कुठे कुठे आहेत हेच ठाऊक नसेल तर हे सांगणार कसे? आराखडा नसलेल्या संस्थेत जातीचा दाखला आणि बँक खात्याचा क्रमांक कुणाच्या पेनड्राइव्हवर आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

बंधाऱ्याच्या खाचा

प्रणालींच्या भागात सर्वांत जास्त पैसा खर्च होतो आणि सर्वांत जास्त पश्चात्तापही होतो. ‘सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणू’ हे उत्तर निविदेच्या वेळी फार आकर्षक दिसते. मला ते बहुतेक वेळा पटत नाही, कारण ग्रंथालय, लेखा आणि परीक्षा ही कामे इतकी वेगवेगळ्या जातींची आहेत की एकच पुरवठादार तिन्ही उत्तम करील ही अपेक्षा धाडसाची आहे. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंधाऱ्याकडे पाहावे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांब कायमचे असतात आणि खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात, पावसाळ्यापूर्वी काढून ठेवतात. एखादा बर्गा कुजला, वाकला तर तेवढाच बदलतात. बंधारा पाडत नाहीत. हे जमते, कारण खाचेचे माप ठरलेले असते.

प्रणालींमधल्या खाचा म्हणजे त्यांनी एकमेकींना माहिती कोणत्या रूपात, केव्हा आणि कोणत्या ओळख क्रमांकाने द्यायची याचे ठरलेले माप. ते माप विद्यापीठाने ठरवावे, पुरवठादाराने नव्हे. निविदेत दोन अटी तरी असाव्यात: एक, विद्यापीठाने ठरवलेल्या रूपात माहिती घेता आणि देता आली पाहिजे, दोन, करार संपताना सगळी माहिती, तिच्या रकान्यांच्या अर्थासह, खुल्या रूपात परत मिळाली पाहिजे. दुसरी अट नसल्यामुळे पुरवठादार बदलताना जुना निकाल हाती येत नाही, आणि मग वर्षानुवर्षे एक जुने सॉफ्टवेअर फक्त ‘बघायला’ म्हणून चालू ठेवावे लागते.

यंत्रांच्या भागाबद्दल फार लिहीत नाही. तो समजणारी माणसे मिळतात. कोल्हापुरापुरती एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गच काही दिवस बंद होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले. अशा वेळी कोणते काम रस्त्यावर अवलंबून आहे आणि कोणते जाळ्यावर, हे आराखड्यात दिसले पाहिजे. प्रश्नपत्रिका ऑनलाइन पाठवता येते, पण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे अजून गाडीनेच जातात. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेलेल्या केंद्रावर परीक्षा कशी घ्यायची, याचे उत्तर सर्व्हर किती मोठा आहे यात नसून, कोणत्या कामाला दुसरा मार्ग ठरवून ठेवला आहे यात आहे.

सुरुवात कुठून करावी

संपूर्ण विद्यापीठाचा आराखडा एकदम करायला घेऊ नये. एक प्रवास निवडावा. प्रवेशापासून पदवीपर्यंतचा विद्यार्थ्याचा प्रवास सर्वांत चांगला, कारण तो सगळ्या विभागांच्या दारांवरून जातो. त्यासाठी विभागप्रमुखांच्या बैठकीपेक्षा टेबलावर बसणाऱ्या माणसांशेजारी बसावे. परिपत्रकातली पद्धत आणि टेबलावरची पद्धत यांत फरक असतो, आणि तो फरक बहुधा शहाणपणाचा असतो. तीन-चार महाविद्यालयांतही जावे: एक शहरातले मोठे, एक स्वायत्त, एक चंदगड किंवा शाहूवाडीकडचे लहान, जिथे एकच लिपिक प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती तिन्ही पाहतो. विद्यापीठात सात विभागांत विभागलेले काम तिथे एकाच डोक्यात जमा असते, त्यामुळे सात नोंदींतला विरोधही त्यालाच सर्वांत आधी दिसतो.

या निरीक्षणातून आजचे चित्र उभे राहते. मग तीन वर्षांनंतर काय हवे त्याचे चित्र काढायचे, दोहोंतला फरक मोजायचा आणि त्या फरकाचे लहान लहान तुकडे करून क्रम लावायचा. टोगॅफ उलगडून पाहिले तर त्याच्या गाभ्यात हेच आहे. क्रम लावताना शैक्षणिक वेळापत्रक विसरू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे या परीक्षांच्या काळात परीक्षेच्या प्रणालीला हात लावायचा नाही, आणि जून-जुलैत प्रवेशाच्या. वर्षातून मोठा बदल करता येईल असे मोजकेच आठवडे उरतात. सल्लागारांच्या आलेखात महिने सारख्या लांबीचे असतात, विद्यापीठात नसतात.

निर्णय कुणी घ्यायचे हा प्रश्न सर्वांत नाजूक. त्यासाठी नवी समिती काढण्याची घाई करू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहेच. आराखडा त्याच्यासमोर ठेवता येतो, अभ्यासक्रमाशी संबंधित भाग विद्या परिषदेकडे आणि खर्चाचा भाग व्यवस्थापन परिषदेकडे जातो. रोजची जबाबदारी मात्र एका व्यक्तीकडे असावी, आणि ती व्यक्ती कुलसचिवांना थेट भेटू शकणारी असावी. नव्या प्रणालीची कोणतीही निविदा काढण्यापूर्वी दोन पानांची एक टिपणी जोडणे बंधनकारक करावे: ही प्रणाली कोणत्या क्षमतेसाठी आहे, कोणत्या मूळ नोंदी वापरते, स्वतः कोणती मूळ नोंद निर्माण करते, आणि जुनी कोणती प्रणाली बंद होणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतीच नाही’ असे वारंवार येऊ लागले तर आराखडा कागदावरच राहिला आहे असे समजावे.

अपवाद लागतातच. एखाद्या शासकीय योजनेसाठी आठ दिवसांत माहिती भरायची असते, तेव्हा कुणी नियम धरून बसत नाही, बसूही नये. पण अपवाद वहीत लिहावा, त्याला मुदत घालावी आणि मुदत संपली की तो पुन्हा मंडळासमोर यावा.

दस्तऐवज किती मोठा असावा, याबद्दल माझे मत टोकाचे आहे. क्षमतांचे एक पान, मूळ नोंदी व मालकांचे दोन-तीन पानी कोष्टक, प्रणालींमधल्या देवाणघेवाणीचे एक चित्र, आणि आठ-दहा नियम, एवढ्यावर पहिले वर्ष निभावते. दोनशे पानांचा सुबक बांधलेला अहवाल मी पाहिला आहे; त्यातली विभागांची नावे तो छापून येईपर्यंत बदललेली होती.

वर्षभराने तपासणीही साधीच करावी. नुकत्याच रुजू झालेल्या कनिष्ठ लिपिकाच्या हातात ते कोष्टक द्यावे आणि विचारावे: या विद्यार्थिनीचे नाव दुरुस्त करायचे आहे, कुठे जाशील? तो पात्रता विभागाचे नाव घेऊन तिथेच थांबला, तर सातातल्या सहा खिडक्या कमी झाल्या. त्याने आधी खणातली लाल वही मागितली, तर ‘कळवले’च्या रकान्यातली आद्याक्षरे मोजावीत आणि पुढच्या वर्षीचे काम तिथून सुरू करावे.